‘परिचारिकेची पहिली कृती कोणती?’ या प्रश्नांत आधी तपासावे की आधी थांबवावे?

सायली_कल्याण

नमस्कार. मी जीएनएम (परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम) पूर्ण केले असून दोन वर्षांपासून दादरच्या एका नर्सिंग होममध्ये मेडिकल वॉर्डात काम करते आणि सध्या नॉर्सेटची (एम्समधील परिचारिका भरतीच्या परीक्षेची) तयारी करत आहे. कल्याणहून जाता-येता लोकलमध्ये रोज तीस-चाळीस प्रश्न सोडवून होतात. औषधांची नावे, मात्रा आणि दुष्परिणाम यांवरचे सरळ प्रश्न आता क्वचितच चुकतात. परंतु ‘परिचारिकेची पहिली कृती कोणती?’ असे विचारले की माझी गडबड होते, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होत असल्यामुळे सराव परीक्षेतील माझे गुण नेमके तिथेच घसरतात.

आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवले आहे की नर्सिंग प्रोसेसची पहिली पायरी असेसमेंट आहे, म्हणून आधी तपासावे आणि मग कृती करावी. गेल्या आठवड्यात माझे तीन प्रश्न चुकले. त्यांपैकी दोन हा नियम लावल्यामुळे चुकले आणि तिसरा तो न लावल्यामुळे चुकला.

पहिला प्रश्न हृदय निकामी होत असलेल्या, डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके संथ करणारे औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाचा होता. त्याला सकाळपासून मळमळ होत आहे आणि पूर्ण एक मिनिट मोजलेली एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलेली नाडी) ५४ आहे. मी ‘नाडी पुन्हा मोजावी’ हा पर्याय निवडला. उत्तर ‘मात्रा रोखून डॉक्टरांना कळवावे’ असे होते. दुसऱ्या प्रश्नात रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटे झाल्यावर रुग्णाला हुडहुडी भरते आणि कमरेत दुखू लागते. मी ‘ताप आणि रक्तदाब पाहावा’ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर ‘रक्त थांबवावे’ हे होते. तिसऱ्यात एक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या) रुग्णाला झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची चार तासांनंतरची मात्रा द्यायची वेळ झाली आहे. मी ‘वेळेवर मात्रा द्यावी’ निवडले, तर उत्तर ‘नी जर्क तपासावा’ (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का ते पाहावे) असे निघाले.

या तिन्हींना लागू पडेल असा एखादा विचार आहे का, की प्रत्येक औषधाचे उत्तर वेगळे पाठ करावे लागते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


परळ_ट्यूटर

सायली, तुमच्या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे, त्यामुळे वेगवेगळी उत्तरे पाठ करण्याची गरज नाही. ‘आधी असेसमेंट’ हा नियम बरोबरच आहे. मात्र असेसमेंट झालेली आहे की व्हायची आहे, हे प्रश्नाच्या मजकुरातच सांगितलेले असते आणि तेवढेच आपण वाचायचे विसरतो. प्रश्न वाचून झाल्यावर पर्यायांकडे जाण्याआधी स्वतःला विचारावे की निर्णय घेण्यापुरती माहिती मला मिळाली आहे का. मिळाली असेल, तर तपासणी झालेली आहे आणि आता कृती हवी. मिळाली नसेल, तर औषधाला हात लावण्याआधी ती माहिती मिळवणे हीच पहिली कृती ठरते.

डिगॉक्सिनचा प्रश्न या दृष्टीने पुन्हा पाहा. प्रौढ रुग्णाची नाडी मिनिटाला ६० पेक्षा कमी असेल तर डिगॉक्सिनची मात्रा रोखून डॉक्टरांना कळवायचे असते. प्रश्नकर्त्याने ‘एपिकल’ आणि ‘पूर्ण एक मिनिट’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत, म्हणजे मोजणी जशी व्हायला हवी तशीच झाली आहे. त्याशिवाय मळमळ दिली आहे, जे डिगॉक्सिनच्या विषबाधेचे सुरुवातीचे लक्षण असते. भूक जाणे, सगळे पिवळट दिसणे आणि दिव्याभोवती वलये दिसणे ही त्याच कुळातली लक्षणे. फ्युरोसेमाइडचा उल्लेखही सहज आलेला नाही. ते औषध लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तातील पोटॅशियम ३.५ च्या खाली गेले की डिगॉक्सिनची तीच मात्रा हृदयाला जड जाते. एवढे सगळे पुढ्यात असताना पुन्हा नाडी मोजून नवे काय कळणार? मात्रा रोखावी, डॉक्टरांना कळवावे आणि पोटॅशियमचा रिपोर्ट मागवावा.

आता याच प्रश्नातील चार शब्द बदलून पाहा. ‘मनगटावर अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेली नाडी ५४ असून ती अनियमित आहे’ असे लिहिले असते, तर स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर एपिकल पल्स मोजणे हेच बरोबर उत्तर झाले असते. अनियमित नाडीत अर्ध्या मिनिटाची दुप्पट फसवी असते.

रक्ताच्या प्रश्नात हुडहुडी आणि कंबरदुखी ही तपासणीच आहे, आणि ती रुग्णाने स्वतः तुम्हांला सांगितली आहे. रक्तगट न जुळल्यामुळे होणाऱ्या प्रतिक्रियेत शरीरात जाणारा प्रत्येक मिलिलिटर अपाय वाढवतो, म्हणून थर्मामीटर शोधण्याआधी क्लॅम्प बंद करायचा. त्यानंतर नवा सेट लावून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची. जुन्याच नळीतून सलाईन सोडले तर नळीत राहिलेले रक्त रुग्णाच्या अंगात जाते, आणि याच मुद्द्यावर परीक्षेत आणखी एक प्रश्न बेतलेला असतो. मग ताप, नाडी, रक्तदाब, पिशवीवरचा आणि रुग्णाचा क्रमांक पुन्हा ताडून पाहणे, आणि पिशवी सेटसह रक्तपेढीला परत पाठवणे. पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णाजवळ थांबावे, असा दंडक याच कारणासाठी आहे.

मॅग्नेशियमच्या प्रश्नात मात्र तुम्हांला काहीही सांगितलेले नाही. घड्याळात मात्रेची वेळ झाली, एवढेच कळले. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते रक्तात साठू लागते, आणि साठताना ठरावीक क्रमाने परिणाम दाखवते. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो आणि शेवटी हृदय थांबण्याचा धोका येतो. नी जर्क हा त्यातला सर्वांत आधी मिळणारा इशारा आहे आणि तो मिळवायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसे. त्यामुळे प्रत्येक मात्रेआधी नी जर्क आहे ना, श्वास पुरेसे आहेत ना आणि गेल्या चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली आहे ना, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पुढची मात्रा द्यायची नाही. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश शिरेतून देतात. ते अँप्युल रुग्णाच्या खाटेजवळ तयार असावे.

मिनिटाला किमान किती श्वास हवेत याबद्दल विद्यार्थी नेहमी गोंधळतात, कारण काही पुस्तकांत १२ आणि काही मार्गदर्शक सूचनांत १६ हा आकडा आहे. परीक्षेत बहुधा ८ किंवा १० असा दोन्हींखालचा आकडा देतात, म्हणून त्यावरून वाद घालत बसू नये.


ब्रदर_नाइट_आयसीयू

ट्यूटर मॅडमनी जे सांगितले त्याला मी इन्सुलिनचे उदाहरण जोडतो, कारण परीक्षेत ते विचारतात आणि वॉर्डात ते रोज समोर येते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन शक्तींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या आहेत: ४० साठी लाल टोपीची आणि १०० साठी केशरी टोपीची. मात्रा ‘२० युनिट’ लिहिली असेल आणि कुपी १०० ची असताना ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट भरले जातात. अडीच पट. पेनमध्ये घालायचे काडतूस तर १०० चेच असते, त्यामुळे पेन बिघडले म्हणून काडतुसातून सिरिंजने औषध ओढणे हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला असताना नातेवाइकांनी समोरच्या मेडिकलमधून १०० ची कुपी आणून दिली आणि ट्रॉलीवर लाल टोपीच्या सिरिंज होत्या. मी भरूनही ठेवले होते. दुसऱ्या सिस्टरला दाखवून ताडून घेण्याची आमच्या वॉर्डात सक्ती होती म्हणूनच ते थांबले. त्या रुग्णाचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी आधी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचतो आणि मगच सिरिंज उचलतो.

इन्सुलिनमध्येही सायलीताईंचाच प्रश्न लागू होतो. ‘सकाळचे इन्सुलिन द्यायचे आहे’ एवढेच लिहिले असेल, तर पहिली कृती म्हणजे रक्तातील साखर तपासणे आणि नाश्ता आला आहे का, ते पाहणे. ‘इन्सुलिननंतर रुग्णाला दरदरून घाम आला असून त्याचे हात थरथरत आहेत, तो शुद्धीवर आहे आणि साखर ५८ आहे’ असे लिहिले असेल, तर तपासणी संपली. १५ ग्रॅम साखर तोंडाने द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचे.

गणितांबद्दलही लिहितो, कारण तिथे गुण फुकट जातात. पावसाळ्यात मुंबईतले मेडिकल वॉर्ड डेंग्यूने भरतात, तेव्हा त्याचेच उदाहरण घेऊ. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे तासाला ५ मिली सलाईन द्यायला सांगितले, तर तासाला ३०० मिली झाले. सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांना एक मिली) असेल तर ३०० गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला १०० थेंब. सेट किती थेंबांचा आहे हे प्रश्नात शोधल्याशिवाय गणिताला हात लावू नये. मायक्रो सेट ६० थेंबांचा असल्यामुळे त्यात तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हे आकडे सारखेच येतात. डेंग्यूत ताप आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन न देण्याचा प्रश्नही याच गटात येतो.

वजा गुणांची भीती थोडी कमी करतो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने फायदाही नाही आणि तोटाही नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते.

एक प्रामाणिक शंका मात्र मॅडमना विचारतो. आयसीयूत मॉनिटरवर हृदयाचे ठोके सतत दिसत असतात. तिथेही डिगॉक्सिनआधी पूर्ण मिनिटभर कान लावून मोजण्याला अर्थ आहे का?


निवृत्त_इन्चार्ज_सिस्टर

ब्रदर, अर्थ आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण तीस वर्षांहून अधिक काळ मी हेच शिकाऊ मुलींना सांगत आले आहे. मॉनिटर हृदयातील विजेचे आवेग मोजतो. प्रत्येक आवेगाबरोबर रक्त पुढे ढकलले गेले की नाही, हे त्याला कळत नाही. डिगॉक्सिन ज्यांना दिले जाते त्यांच्यापैकी अनेकांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असते. त्यांच्यात एपिकल ८८ आणि मनगटावर ७२ असा १६ चा फरक सहज सापडतो. याला पल्स डेफिसिट म्हणतात आणि तो नीट मोजायचा तर दोन परिचारिकांनी एकाच घड्याळावर एकाच वेळी, एकीने छातीवर आणि दुसरीने मनगटावर मोजावे लागते. परीक्षेत हे विचारतात. आयसीयूत मनुष्यबळ कमी असते हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्यासाठी ही गोष्ट अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही.

सायली बाळ, तुझ्या अडचणीत मला आणखी एक गोष्ट दिसते. तपासणीचे आकडे तुम्ही मुली पाठ करता. पण आकडा कसा मिळवला, याकडे लक्ष देत नाही, आणि आजकालचे प्रश्न नेमके तिथेच अडवतात. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो, मोठा असला तर खोटा कमी दिसतो. पट्ट्याच्या आतील पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी. लठ्ठ रुग्णाचा रक्तदाब नेहमीच्या पट्ट्याने १६०/१०० आला आणि रुग्णाला कसलाही त्रास नाही, असे प्रश्नात दिसले, तर गोळी देण्याआधी योग्य मापाचा पट्टा घेऊन पुन्हा मोजायचे. इथे ‘पुन्हा तपासणे’ बरोबर आहे, कारण पहिली तपासणीच विश्वासार्ह नव्हती. ट्यूटर मॅडमनी मनगटाच्या नाडीबद्दल जे सांगितले, ते आणि हे एकच आहे.

पोटाच्या तपासणीचा क्रमही असाच चुकतो. एरवी पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून पाहणे आणि शेवटी ऐकणे असा क्रम असतो. पोटात मात्र पाहिल्यानंतर लगेच ऐकायचे आणि मग ठोकणे व चाचपणे, कारण आधी दाबले तर आतड्यांचे आवाज बदलतात. आवाज अजिबात नाहीत असे लिहिण्यापूर्वी पूर्ण पाच मिनिटे ऐकावे लागते.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, हेही लिहून ठेव. नाडी मोजून झाली तरी मनगट धरूनच ठेवायचे आणि नजर छातीवर न्यायची. सांगितले की माणूस श्वास बदलतो. मॅग्नेशियम, मॉर्फिन अशा औषधांमध्ये हा एक आकडा तुमचा संपूर्ण निर्णय ठरवतो, तो अंदाजे लिहून चालत नाही. चार्टवर एका खाली एक सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले दिसले की मी तो चार्ट परत करत असे. मुली नाराज होत, पण वीस रुग्णांचे श्वास एकसारखे कधीच नसतात.


सायली_कल्याण

ट्यूटर मॅडम, ब्रदर आणि सिस्टर, आपण इतका वेळ देऊन लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री ड्यूटी संपल्यावर जुन्या चुकलेल्या प्रश्नांवर हाच विचार लावून पाहिला. प्रत्येक प्रश्नात ‘कळले आहे’ आणि ‘कळायचे आहे’ असे दोन रकाने वहीत केले. सतरा प्रश्नांपैकी तेरा आता बरोबर आले. उरलेल्यांपैकी एक गणिताचा होता आणि तो मी नाव वाचून सोडवला, शक्ती न वाचता, म्हणून चुकला. १२ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ३.६ मिली होतात, हे उत्तर मी लगेच लिहिले. पण प्रश्नात एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स दिले होते, म्हणजे १.८ मिली हवे होते. प्रत्यक्षात मी दुप्पट दिले असते. ब्रदरनी इन्सुलिनच्या कुपीबद्दल जे लिहिले, ते वाचल्यावर याचे गांभीर्य अधिक जाणवले.

एक शंका उरते. चारही पर्याय कृतीचेच असतील आणि चारही बरोबर वाटत असतील, तर काय करावे?


परळ_ट्यूटर

तेव्हा श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा क्रम लावायचा. एक प्रश्न देते, तो सोडवून इथेच लिहा. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन शिरेतून दिलेल्या रुग्णाचे श्वास मिनिटाला ७ झाले आहेत, त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत आणि हाक मारल्यावर तो जेमतेम डोळे उघडतो. पर्याय असे आहेत: नॅलॉक्सोन देणे, श्वासमार्ग मोकळा करून श्वासाला आधार देणे, केस पेपरवर नोंद करणे आणि वेदनेची पातळी विचारणे.


सायली_कल्याण

इथे तपासणी झालेली आहे. श्वास, बाहुल्या आणि शुद्ध हे तिन्ही मॉर्फिन जास्त झाल्याचेच सांगतात. म्हणून वेदना विचारण्याचा पर्याय बाद, आणि नोंद नंतर करता येईल. नॅलॉक्सोन हा उतारा असला तरी तो भरून आणेपर्यंत रुग्णाचा श्वास थांबू शकतो. म्हणून आधी मदतीसाठी हाक मारून श्वासमार्ग मोकळा करणे आणि अँबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देणे, मॉर्फिन चालू असेल तर बंद करणे, आणि लगेच डॉक्टरांच्या आदेशानुसार नॅलॉक्सोन. माझे उत्तर दुसरा पर्याय.


निवृत्त_इन्चार्ज_सिस्टर

उत्तर बरोबर आहे, बाळ, आणि कारणही बरोबर दिलेस. फक्त एक गोष्ट राहिली. नॅलॉक्सोनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त वेळ टिकतो. म्हणजे रुग्ण डोळे उघडून तुझ्याशी बोलू लागला तरी थोड्या वेळाने तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे त्याच्या जवळून हलायचे नाही आणि श्वास मोजत राहायचे, प्रत्येक वेळी पूर्ण एक मिनिट.